टीनएजर पोरांना गोष्ट कशी चालते ते शिकवायचंय? चिऊताईपासून सुरू करा

पुण्यात आमच्या कोथरूडच्या सोसायटीत क्लबहाऊस आहे, तिथे मी दर उन्हाळ्यात तेरा ते सोळा वयाच्या मुलांचा गोष्टींचा ग्रुप घेते. आठ रविवार, दर वेळी दीड तास, दहा-बारा मुलं. पहिल्या वर्षी मी फळ्यावर कथानक, पात्रं, वातावरण, संघर्ष असं सगळं नीट लिहून समजावलं, मुलांनी शहाण्यासारखं वहीत उतरवून घेतलं, आणि शेवटी जे लिहून आणलं त्यातल्या जवळपास प्रत्येक गोष्टीत एक गरीब प्रामाणिक मुलगा, एक सापडलेलं पाकीट आणि खाली तात्पर्य. मुलांचं काहीच चुकलं नव्हतं. परीक्षेत कथालेखन म्हणजे मुद्दे दिलेले असतात, त्यावरून गोष्ट फुलवायची, शीर्षक द्यायचं, मार्क घ्यायचे, आणि मीही त्यांना तेच पुन्हा शिकवलं होतं, फक्त रविवारी.

त्यानंतर पद्धत पूर्ण बदलली. आता मी व्याख्या देतच नाही, मुलांना माहीत असलेली गोष्ट घेते, ती त्यांच्याकडूनच मोडून घेते आणि परत जोडायला लावते. माझं म्हणणं एवढंच आहे की गोष्ट म्हणजे कोणाला काय माहीत आहे आणि ते कधी कळतं, याचा खेळ. पात्राला काय माहीत, दुसऱ्या पात्राला काय माहीत, वाचणाऱ्याला काय माहीत. हे एकदा हाताला लागलं की बाकीचे शब्द मुलं नंतर आपोआप उचलतात. कोणाला घरी, सोसायटीत, लायब्ररीत असा ग्रुप घ्यायचा असेल तर मी कसं करते ते सगळं लिहितेय.

आधी तयारीचं. बारापेक्षा जास्त मुलं घेऊ नका, सगळ्यांचं ऐकून होत नाही. खुर्च्या गोल मांडा. प्रत्येकाकडे साधी वही हवी आणि फोनसुद्धा हवा, तो बॅगेत ठेवायला लावू नका, दोन रविवारी कामाला येतो. आणि आईबाबा खोलीत नकोत, यावर मी अडून बसते. पंधरा वर्षांचा मुलगा आई समोर बसलेली असताना आईला आवडेल अशीच गोष्ट सांगतो.

पहिला रविवार: चिमणी, कावळा आणि बंद दार

कोणाला तरी चिऊ-काऊची गोष्ट सांगायला लावा. आधी हसतील, आम्ही काय बालवाडीत आहोत का म्हणतील, पण सांगतात आणि मजा म्हणजे सगळ्यांना तालासकट पाठ असते. काऊचं घर शेणाचं, चिऊचं घर मेणाचं, मोठा पाऊस आला, काऊचं घर वाहून गेलं, मग तो येऊन म्हणतो चिऊताई चिऊताई दार उघड, आणि ती म्हणते थांब माझ्या बाळाला आंघोळ घालू दे, थांब माझ्या बाळाला तीट लावू दे.

आता मोडायला घ्या. काऊ पहिल्यांदा दार वाजवतो आणि चिऊ लगेच उघडते, अशी सांगून बघा. गोष्ट जागच्या जागी मरते, मुलांच्या चेहऱ्यावर दिसतं. मग उलट करा, चिऊला पंधरा कारणं द्यायला लावा. सातव्या-आठव्या कारणाला मुलं स्वतःच म्हणतात काकू बास. मग विचारा, किती कारणं बरोबर? बहुतेक वेळा तीन किंवा चार म्हणतात. आता विचारा, तीनही वेळा पाऊस तेवढाच आहे का? इथे कोणाला तरी सुचतंच की पाऊस वाढला पाहिजे, काऊ आधी नुसता भिजलेला, मग कुडकुडणारा, मग आवाजच क्षीण झालेला. अडथळा लांबवायचा असेल तर प्रत्येक वेळी थोडी जास्त किंमत मोजायला लावायची, हे त्यांना तुम्ही सांगावं लागत नाही.

मग खरा प्रश्न. दाराच्या आत काय चाललंय हे काऊला माहीत आहे का? नाही. आपल्याला? आपल्याला आहे. ती खरंच आंघोळ घालतेय की टाळतेय? इथे थांबा आणि गप्प बसा. एका वर्षी नववीतली एक मुलगी, जी तोपर्यंत एक शब्द बोलली नव्हती, ती म्हणाली, "काकू, ती दार का उघडत नाहीये हे कोणी विचारतच नाही, मागच्या वेळी त्याने तिची अंडी खाल्ली असतील तर?" खोली एकदम शांत. गोष्टीतलं एक वाक्य बदललं नव्हतं आणि सगळी गोष्ट बदलली होती. बाळाला तीट लावणं आता वेळकाढूपणा राहिलाच नाही, ती घाबरलेली आई झाली. मला जे आठ रविवारांत सांगायचं असतं ते त्या मुलीने एका वाक्यात सांगितलं.

घरचं काम: हीच गोष्ट काऊच्या बाजूने एका पानात, पण त्याला दोषी किंवा बिचारा म्हणायचं नाही, ते वाचणाऱ्याला ठरवू दे.

दुसरा रविवार: गोष्ट आपल्या डोक्यात बनते

या रविवारी फोन लागतो. १९४४ मध्ये अमेरिकेत फ्रिट्झ हायडर आणि मारियान सिमेल या मानसशास्त्रज्ञांनी एक छोटीशी ॲनिमेशन फिल्म लोकांना दाखवली होती. त्यात एक मोठा त्रिकोण, एक छोटा त्रिकोण, एक छोटं वर्तुळ आणि एक दार उघडणारी चौकट, बस. आवाज नाही, चेहरे नाहीत. जवळजवळ सगळ्या बघणाऱ्यांनी त्याचं वर्णन माणसांसारखं केलं, कोणी दादागिरी करतोय, कोणी घाबरलंय, कोणी वाचवतंय. ती फिल्म ऑनलाइन सहज सापडते. मुलांना आधी काहीही न सांगता दाखवा आणि काय बघितलं ते पाच ओळीत लिहायला सांगा. आमच्याकडे एकाने मोठ्या त्रिकोणाला सरळ "सोसायटीचा सेक्रेटरी" करून टाकलं होतं! मग सगळ्यांचं वाचून घ्या आणि विचारा, यातलं पडद्यावर किती होतं आणि तुम्ही किती भरलंत?

दुसरा प्रयोग रशियन दिग्दर्शक लेव्ह कुलेशोव्हच्या नावाने ओळखला जातो, आणि फिल्म इन्स्टिट्यूट ज्या शहरात आहे तिथल्या मुलांना तो माहीत नसावा हे मला पटत नाही. लॉ कॉलेज रोडवर जिथे प्रभात फिल्म कंपनीचा स्टुडिओ होता तिथेच १९६० मध्ये ती संस्था सुरू झाली, हे सांगितलं की मुलांना जरा जवळचं वाटतं. करायचं असं. ग्रुपमधल्या एकाचा कोणताही भाव नसलेला चेहरा पाच सेकंद शूट करा. मग तोच शॉट तीन वेळा वापरून तीन छोट्या क्लिप बनवायच्या, एकीत चेहऱ्याच्या आधी मिसळीची प्लेट, एकीत हॉस्पिटलच्या खोलीचं बंद दार, एकीत दुसऱ्याच्या हातातली ट्रॉफी. पोरं हे फोनवर दहा मिनिटांत एडिट करतात. घरच्यांना एकच क्लिप दाखवून विचारायचं, याला काय वाटतंय? भूक, काळजी, जळफळाट अशी उत्तरं येतात आणि चेहरा तर तोच.

यातून लिहिण्यासाठी काय घ्यायचं ते मात्र स्पष्ट बोला. "त्याला खूप वाईट वाटलं" असं लिहिण्यापेक्षा त्या वाक्याच्या आधी आणि नंतर काय ठेवता ते महत्त्वाचं. वाचणारा रिकामी जागा भरायला बसलेलाच असतो, त्याला भरू द्या.

तिसरा रविवार: "मग" काढून टाका

हा सगळ्यात कामाचा रविवार आहे, घाई करू नका. फळ्यावर दोन वाक्यं लिहा.

आजी गेली आणि मग तुळस वाळली.

आजी गेली, तुळशीला पाणी घालायचं कोणाच्या लक्षात राहिलं नाही म्हणून तुळस वाळली.

पहिल्यात दोन घटना आहेत, दुसऱ्यात एक घर आहे. मुलांना विचारा दुसऱ्यातून काय कळलं, ती सांगतील की घरात बाकीची माणसं आहेत, ती आपापल्या कामात आहेत, आजी रोज पाणी घालायची आणि ते कोणी बघितलंही नव्हतं. यातलं काहीच लिहिलेलं नाही.

मुलांच्या गोष्टी "मग"वर चालतात. मग तो उठला, मग तो गेला, मग भूत आलं. खेळ असा की गोलात बसून साखळी गोष्ट करायची आणि प्रत्येकाने आपलं वाक्य "म्हणून" किंवा "पण" यानेच सुरू करायचं, "मग" म्हणाला की बाद. एकदा आलेली साखळी अशी: पीएमटीची बस चुकली. म्हणून रिक्षा केली. पण पाकीट घरी राहिलं होतं. म्हणून रिक्षावाल्या काकांना मित्राच्या घरी न्यायला सांगितलं. पण दार मित्राच्या वडिलांनी उघडलं, आणि त्यांना वाटत होतं की ही दोघं आत्ता क्लासला आहेत. पाच वाक्यांत अख्खी गोष्ट उभी राहिली, आणि शेवटच्या वाक्यात परत तोच खेळ, कोणाला काय माहीत आहे. इथून पुढे काय होईल हे सगळ्या मुलांना एकाच वेळी सांगायचं होतं, मला दोन मिनिटं गप्प करायला लागलं.

दुसरा व्यायाम मुलांना फार आवडतो. "घरी यायला उशीर का झाला" याचं खोटं कारण सांगायचं, बाकीच्यांनी आईबाबा बनून उलटतपासणी घ्यायची. कोण पकडला जातो आणि कोण सुटतो ते बघा. "ट्रॅफिक होतं" म्हणणारा पकडला जातो. "लकडी पुलावर एका काकांच्या स्कूटरवरून कोथिंबिरीची पिशवी पडली, सगळे थांबून उचलत होते" म्हणणारा सुटतो. मग विचारा, का सुटला? तपशील एवढा फुटकळ आहे की कोणी मुद्दाम बनवेल असं वाटत नाही. काही पालकांनी मला विचारलंय की तुम्ही मुलांना खोटं बोलायला शिकवता का. मी त्यांना सांगते की ती आधीपासूनच बोलतात, इथे फक्त आपण सगळ्यांना माहीत असताना बोलतोय, आणि कल्पित गोष्ट आणि फसवणूक यातला फरक नेमका तोच आहे.

चौथा रविवार: त्याला आत्ता काय हवंय

पात्राचा तक्ता भरून घेऊ नका, आवडता रंग, आवडता पदार्थ, उंची वगैरे. त्याने काही होत नाही. एकच प्रश्न: याला आत्ता, या सीनमध्ये काय हवंय? आणि उत्तर हातात धरता येईल एवढं छोटं हवं. "तिला सुखी व्हायचंय" चालणार नाही. "बाबा उठायच्या आत ॲक्टिव्हाची किल्ली होती त्या खिळ्याला लावायचीय" चालेल. किल्ली म्हटल्यावर वेळ आली, घर आलं, आवाज न करता चालणं आलं, काल रात्री काय झालं हा प्रश्नही आला.

मग त्याच पात्राला दुसरी एक गोष्ट हवी असू द्या जी पहिलीच्या आड येते. किल्ली गुपचूप लावायचीय, पण काल रात्री गाडी कुठे घासली हे कोणाला तरी सांगितल्याशिवाय राहवतही नाहीये. टीनएजर मुलांना हे मोठ्यांपेक्षा लवकर समजतं, कारण त्यांचं रोजचं जगणं असंच चाललेलं असतं.

संवादावर मी वेगळा रविवार देत नाही, याच दिवशी पंधरा मिनिटं पुरतात. फळ्यावर "ताट वाढलंय" एवढं लिहायचं आणि आई हे कोणकोणत्या मूडमध्ये म्हणते ते करून दाखवायला सांगायचं. भांडणानंतर म्हटलेलं "ताट वाढलंय" म्हणजे माघारही असते आणि रागही. आपल्या घरांत सॉरी फारसं कोणी म्हणत नाही, जेवलास का विचारतात. पात्रांनी मनातलं सगळं बोलून टाकलं की सीन संपतो, म्हणून त्यांना दुसऱ्याच कशाबद्दल तरी बोलू द्या.

पाचवा रविवार: मंडईत

सकाळी आठला महात्मा फुले मंडई. आता थेट मेट्रोने जाता येतं, २०२४ पासून खालीच स्टेशन आहे. इंग्रजांच्या काळातली, रे मार्केट म्हणून बांधलेली ती अष्टकोनी इमारत मुलांना दाखवा पण त्यात अडकू नका, इतिहासाचा तास करायचा नाहीये. नियम दोन. प्रत्येकाने एकट्याने अर्धा तास एकाच जागी थांबायचं. आणि वहीत दहा गोष्टी लिहायच्या, पण गजबजलेली, सुंदर, रंगीबेरंगी हे शब्द बंद.

बहुतेक मुलं पहिल्या पाच गोष्टी कोणीही घरबसल्या लिहील अशाच लिहितात, टोमॅटो, गर्दी, आवाज. सहाव्यापासून खरं बघायला लागतात. म्हणूनच दहा. दोन वर्षांपूर्वी एका मुलाने लिहिलं होतं, "एक मावशी मेथीच्या जुड्यांवर पाणी शिंपडतायत आणि दर वेळी थोडं स्वतःच्या पायांवर पण." त्याने ऊन हा शब्द कुठे वापरला नव्हता. परत येताना वाचलं तेव्हा सगळ्यांना एकदम उकडायला लागलं.

एक मात्र पाळा, माणसांचे फोटो काढायचे नाहीत आणि कोणाच्या कामात लुडबुड नाही. जाताना भाजी विकत घ्या.

सहावा रविवार: खरी घटना, खोटी माणसं

१२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं, त्याच दिवशी खडकवासलाही फुटलं आणि मुठेचं पाणी नदीकाठच्या पेठांमध्ये शिरलं. जुन्या पुणेकर घरांत अजून कोणीतरी आजी-आजोबा असतात ज्यांना तो दिवस आठवतो, किंवा त्यांच्या आईवडिलांकडून ऐकलेला असतो. आदल्या आठवड्यात मुलांना सांगा की एका वयस्कर माणसाला त्या दिवसाबद्दल विचारून या, आणि काय झालं यापेक्षा तेव्हा तुम्ही घरात काय करत होतात, काय उचलून नेलंत, काय मागे राहिलं असं विचारा. घरात कोणी नसेल तर शेजारी विचारा, सोसायटीत नक्की कोणीतरी सापडतं.

मग वर्गात आधी रेघ आखून घ्या. तारीख, धरणं, नदी, पाणी कुठून आलं, हे बदलायचं नाही. माणसं, त्यांची नाती, त्यांची भीती, ते काय बोलले, हे सगळं आपलं. ज्यांच्याकडून ऐकलं त्यांचं नाव किंवा ओळखता येईल अशी घटना त्यांना विचारल्याशिवाय वापरायची नाही, मुलांना हे आताच कळलेलं बरं.

आता प्रत्येकाला चिठ्ठी काढायला लावा. धरणाच्या भिंतीवर वाळूची पोती टाकणारा जवान. नारायण पेठेत दुकान उघडणारा माणूस. गच्चीवर उभी असलेली दहा वर्षांची मुलगी. गावाला गेलेला आणि संध्याकाळी बातमी कळलेला मुलगा. प्रत्येकाने सकाळची वीस मिनिटं लिहायची. हे लिहिताना मुलांच्या लक्षात येतं की धरण फुटलंय हे वाचणाऱ्याला पहिल्या ओळीपासून माहीत आहे, दुकानदाराला नाही. तो शटर वर करतो, अगरबत्ती लावतो, आणि वाचणाऱ्याचा जीव वरखाली होतो. जवानाच्या बाबतीत उलटं, त्याला भिंत हललेली कळतेय आणि शहराला सांगायला त्याच्या हातात काही नाही. एकच दिवस आणि कोणाच्या डोळ्यांनी बघायचं एवढं ठरवलं की गोष्ट वेगळी होते. प्रथमपुरुषी, तृतीयपुरुषी वगैरे शब्द मी या दिवशी पहिल्यांदा सांगते, तेव्हा मुलांना ते लगेच कळतात कारण दोन्ही करून झालेलं असतं.

सातवा रविवार: लिहायला बसणं

दीड तासातले चाळीस मिनिटं पूर्ण शांतता, सगळ्यांनी तिथेच लिहायचं, मीही लिहिते. सहाशे-सातशे शब्द, एक जागा, एकच दिवस, जास्तीत जास्त तीन माणसं. भूत, खून, परग्रह, काहीही चालेल, पण तात्पर्य लिहायचं नाही.

इंग्रजी मीडियमची मुलं इथे अडतात. मराठी उत्तम बोलतात पण लिहिताना घाबरतात. त्यांना गोष्ट आधी फोनमध्ये रेकॉर्ड करू द्या, ऐकत ऐकत उतरवू द्या, मध्ये इंग्रजी शब्द आले तर येऊ द्या. ऱ्हस्व-दीर्घ सगळ्यात शेवटी. पहिल्याच ड्राफ्टवर लाल पेन चालवलं तर ती मुलं पुढच्या रविवारी येत नाहीत, माझ्याकडची दोन मुलं अशीच गेली आणि ती माझ्या अजून मनात आहेत.

कोणी चॅटबॉटकडून लिहून आणलं तर ओरडू नका. फक्त विचारा, ही खुर्ची इथे का आहे, हिच्या काकांना हे कधी कळलं, हा इथे खोटं बोलला असता तर पुढे काय झालं असतं? ज्याने लिहिलंय त्याला उत्तर देता येतं, किंवा निदान विचार करावासा वाटतो. ज्याने नाही लिहिलं तो बहुतेक वेळा स्वतःच म्हणतो की परत लिहितो.

आणि एक गंभीर गोष्ट. या वयातली मुलं गोष्टीच्या आडून खरंही सांगतात. मारहाण, नकोसे स्पर्श, जीव द्यायचे विचार असं काही आलं तर चारचौघांत चर्चा करू नका आणि "किती छान लिहिलंस" म्हणूनही पुढे जाऊ नका. नंतर बाजूला घेऊन शांतपणे विचारा की हे फक्त गोष्टीतलं आहे का. कोणाला सांगणार नाही असं वचन देऊ नका. घरातल्या किंवा शाळेतल्या, मुलाचा विश्वास असलेल्या मोठ्या माणसाला सामील करून घ्या, त्रास देणारा माणूस घरातलाच असेल तर त्याच्यापर्यंत हे जाऊ देऊ नका. मुलांसाठी १०९८ ही हेल्पलाइन आहे आणि मानसिक आरोग्यासाठी टेलिमानसची १४४१६, दोन्ही नंबर माझ्या फोनमध्ये कायम असतात.

आठवा रविवार: वाचून दाखवणं

लिहिणाऱ्याने स्वतः वाचायचं नाही, शेजारच्याने वाचायचं. जिथे वाचणारा अडखळतो तिथे वाक्यात काहीतरी गडबड असते, ते लिहिणाऱ्याला ऐकूनच कळतं. बाकीच्यांनी "मस्त", "भारी", "बोअर" म्हणायचं नाही, फक्त तीन गोष्टी सांगायच्या: मला काय दिसलं, मला कुठे कळलं नाही, आणि मला पुढचं कधी आधीच कळलं. तिसरी सगळ्यात महत्त्वाची. शेवट आधीच कळला तर कोणत्या ओळीला कळला ते बोट ठेवून दाखवायचं, बहुतेक वेळा ती एक ओळ काढली की काम होतं. आणि शेवट अजिबात पटला नाही तर उलटं, मागे कुठेतरी एक ओळ घालायची राहून गेलेली असते, तिथे जाऊन ती पेरायची.

लिहिणाऱ्याने यावेळी एक शब्दही बोलायचा नाही, सफाई द्यायची नाही. त्याच्या हातात पेन्सिल आणि गोष्टीची दुसरी प्रत द्या आणि कागदाकडे न बघता ऐकणाऱ्यांच्या तोंडाकडे बघायला सांगा. ज्या ओळीला दोघांनी फोन उचलला तिथे बारीक रेघ मारायची. जिथे कोणीतरी पुढे झुकलं तिथे टिंब. पुढचा ड्राफ्ट पहिल्या रेघेपासून सुरू होतो.